निम्मी पेन्शन

खिडकीच्या गजांतून पुढं आलेल्या नोटा मंजुळानं मोजल्या नाहीत. तळव्यावर पडल्या तेव्हाच त्या कमी आहेत हे तिला कळलं. सात वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती महाडच्या कचेरीतल्या ट्रेझरीच्या या खिडकीशी उभी राहत आली होती, आणि बाईचा हात जसा न मापता पिठात पाणी घालतो तसा तिचा हात नवऱ्याच्या मागं मिळणाऱ्या पेन्शनचा जाडपणा ओळखत होता. "सायेब, कमी हायत," ती म्हणाली. आतल्या कारकुनानं वहीतल्या तिच्या सहीखाली रेघ मारली आणि मान वर न करता म्हणाला, "आतापासून एवढीच, बाई. नियमाप्रमाणे निम्मी झाली." एवढं बोलून त्यानं पुढचं नाव पुकारलंसुद्धा. मागं उभी असलेली म्हातारी कोपरानं वाट काढत खिडकीला जाऊन भिडली. 'का?' एवढंच विचारायचं होतं. पण मंजुळानं विचारलं नाही. कारण त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि ते उत्तर त्या माणसानं रांगेतल्या दहाजणांसमोर मोठ्यानं सांगितलं असतं, तर वस्तीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बाहेर पावसानं उघडीप दिली होती. ऑगस्टात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरून गेलं होतं, त्याच्या गाळाची रेघ दुकानांच्या भिंतींवर अजून कंबरेएवढ्या उंचीवर दिसत होती आणि दुकानदार ओली बारदानं उन्हात पसरत होते. मंजुळा त्या रेघेकडे बघत चालली होती. कळलं त्यांना, ती मनाशी म्हणाली. त्यांना म्हणजे कुणाला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. सरकार म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर ती खिडकी यायची, मोठाली वही यायची, आणि त्या वहीच्या मागं कुठंतरी अलिबागला, मुंबईला, आणखी मोठ्या वह्या. तिचा नवरा जानू म्हणायचा, "सरकारला समदं कळतं गो, फकस्त उशिरा कळतं." तेव्हा दोघंही हसायची. जानू बांधकाम खात्यात रस्त्यावरचा मुकादम होता, चौदा वर्षं नोकरी झालेली. चौऱ्याहत्तरच्या जुलैत कशेडी घाटात दरड आली तेव्हा तो गँग घेऊन तीन दिवस पावसात उभा होता; एका बाजूला ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला दगड आणि लाल चिखल. चौथ्या दिवशी ट्रक सुटले आणि जानू अंगात ताप घेऊन घरी आला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्याचा श्वास असा वाजत होता, जसं कुणी लांबून खडी ओढतंय. मंजुळा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि विशाखा आठ वर्षांची.

मग कागद सुरू झाले. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, फोटो, जन्मतारखा. खात्यातला एक कारकून भला होता, त्यानं कागदांचा गठ्ठा करून दिला आणि म्हणाला, अंगठा चालेल. मंजुळानं नाही म्हटलं. जानू तिला नेहमी म्हणायचा की आपल्यातल्या माणसानं अंगठा देऊ नये, त्यासाठी का एवढं झगडलो आपण. तिनं पंधरा दिवस विशाखाची पाटी घेऊन स्वतःचं नाव गिरवलं. 'मं' सोपा होता, 'जु'ला शेपूट लांब जायची, 'ळा' काही केल्या उभा राहायचा नाही. अजूनही तिची सही तशीच होती, शेवटी थोडी वाकलेली. आणि ती सही दर सहा महिन्यांनी एका कागदावर लागायची, ज्यावर लिहिलेलं असायचं की मी हयात आहे आणि मी पुनर्विवाह केलेला नाही. पहिल्यांदा कुणीतरी तो कागद वाचून दाखवला तेव्हा तिला रागच आला होता. नवऱ्याच्या चितेची ऊब अजून अंगातून गेली नाही, आणि हे काय विचारतात? पुढं पुढं राग गेला. तो कागद म्हणजे दाराला कडी लावण्यासारखा झाला, लावली की लावली. गेल्या दोन वर्षांत मात्र त्या ओळीखाली सही करताना तिच्या पेनची निब कागदात रुतायची. लिहिलेलं खोटं नव्हतं. पण ते खरं आहे असंही तिला वाटत नव्हतं.

त्याला कारण कुशाबा होता. एस.टी.च्या महाड डेपोत तो बॅटऱ्यांच्या कामावर होता. अ‍ॅसिडनं त्याच्या बोटांची कातडी पांढरी, भेगाळलेली झाली होती, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून तो महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचा. मंजुळा विशाखाला घेऊन तिथंच गेली होती. पोरीच्या पायांवर खरूज उठली होती. वाफा येणाऱ्या पाण्याला पोर घाबरून रडायला लागली, तेव्हा पलीकडच्या पायरीवर बसलेला हा काळासावळा, जाड भिवयांचा माणूस म्हणाला होता, "एकदम उतरू नको बाय. आधी टाच. मंग चवडा. पानी वळख देतं." पुढच्या रविवारी तो पुन्हा दिसला, त्याच्या पुढच्याही. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही, गाव पोलादपूरच्या वर आंबेनळीच्या पायथ्याला, तिथं भाऊबंदांत दोन तुकडे भातशेती. बोलणं कमी. मग केव्हातरी तो रविवारी महाडलाच, बुद्धवाडीत, तिच्या घरी यायला लागला. दार उघडं असायचं. तो ओट्यावर बसायचा, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, बिघडलेला स्टोव्ह दुरुस्त करून द्यायचा, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी जेवायचा आणि संध्याकाळच्या आत जायचा. एकदाच, शिमग्याच्या सुमाराला, विशाखा शाळेच्या सहलीला गेलेली असताना दार लोटलं गेलं होतं. त्या दुपारीच त्यानं लग्नाचं विचारलं होतं. विहारात पाच माणसं बोलावू, पंचशील घेऊ, झालं. मंजुळानं छताच्या कौलांकडं बघत उत्तर दिलं होतं, "पेन्शन जाईल. पोरीची दहावी व्हायची हाय. तिचं शिक्शान त्याच्यावर हाय." तो उठून बसला होता. मग "बरं," म्हणाला होता. त्यानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि पेन्शन खरंच जाते का, किती जाते, कुणाची जाते, हे त्या दोघांपैकी कुणीही कुणाला विचारलं नाही.

आता हे निम्मं झालं होतं. त्या आठवड्यात मंजुळा, ती मदतनीस होती त्या बालवाडीत, मुलांना सुकडीचा खाऊ वाढत असतानाही, घरी तांदूळ निवडत असतानाही त्याच एका शब्दाभोवती फिरत राहिली. निम्मंच का? सगळं का नाही? आणि हळूहळू तिला त्यातलं गणित उमगलं, इतकं बरोबर की तिच्या अंगावर काटा आला. त्यांनी मोजलं होतं. लग्न केलं असतं तर सगळी पेन्शन गेली असती. लग्न केलं नाही, पण रविवार आहेत, ओटा आहे, ती एक दुपार आहे. म्हणजे अर्धं लग्न. अर्ध्या लग्नाला अर्धी पेन्शन. सरकारनं तराजूत घालून तोललं होतं आणि काटा मधोमध उभा राहिला होता. यात अन्याय झाला असं तिला वाटेना, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. पकडला गेल्यावर चोराला जसं हलकं वाटतं म्हणतात तसं काहीतरी, पण पकडणारा अजून समोर आलेला नाही, नुसती त्याची सावली भिंतीवर पडली आहे.

कोणी सांगितलं असेल? शेजारची काशीबाई. तिची खिडकी ओट्यावरच उघडते. "पावना आला वाटतं," असं ती दर रविवारी म्हणायची, त्यात वाकडं काही नसायचं, पण आता मंजुळाला त्यातला एकेक शब्द दातात अडकलेल्या काट्यासारखा जिभेला लागू लागला. की मुंबईचा दीर, रामा? तो गणपतीच्या सुट्टीत येऊन गेला होता, स्टोव्ह बघून म्हणाला होता, "वहिनी, रिपेर कोनी केला? एकदम फस्क्लास." की डेपोतलंच कुणी? की हे कुणी सांगावंच लागत नाही, ते आपोआप उमटतं, जसं पुराचं पाणी भिंतीवर उमटतं? तिला जानूही आठवला, पण तो रागावलेला आठवेना. तो घाटात उभा होता, हातात लाल झेंडा, आणि तिच्याकडं बघून नुसता झेंडा हलवत होता. थांब म्हणतोय की जा म्हणतोय ते धुक्यात कळत नव्हतं.

रविवारी कुशाबा आला तेव्हा तिनं त्याला ओट्यावर बसू दिलं नाही. विशाखा आत पुस्तक घेऊन बसली होती. मंजुळा दारातच उभी राहिली, एक हात चौकटीला, आणि तिनं हळू आवाजात सांगितलं की आता येऊ नका. पेन्शन निम्मी झाली. सरकारला कळलं. राहिलेली पण जाईल, आणि घेतलेली परत मागतील, कदाचित पोलीसही येतील. कुशाबानं पिशवीतली काकडी आणि दोन कणसं ओट्यावर ठेवली. त्याच्या गावची होती ती.

"कोन म्हनला असं?"

"कोनी म्हनाय कशाला लागतंय? निम्मी झाली ना."

"इचारलंस?"

"काय इचारू? माजं नाव सांगून इचारू, का तुमचं?"

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं चपला घातल्या, बोटांची फाटलेली कातडी दुसऱ्या हातानं चोळली, आणि म्हणाला, "मी येतो म्हनून तुला तरास व्हत असंल तर नाय येनार." मग रस्त्याकडं वळून, "भात तयार झालं की रजा टाकून गावाला जानार हाय." आणि तो गेला. काशीबाईच्या खिडकीत कुणी नव्हतं. मंजुळानं नीट बघितलं, कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दिवस तिनं कान टवकारून काढले. कचेरीची जीप वस्तीच्या रस्त्यानं गेली की हातातलं काम थांबायचं. पोस्टमन काशीबाईला मनिऑर्डर द्यायला आला तर ती मोरीत जाऊन उभी राहायची, आणि तो गेला की आपण मोरीत का आलो हे तिला आठवायचं नाही. वसुली हा शब्द तिनं जानूच्या तोंडून ऐकला होता. एका मजुराला चुकून जास्त पगार दिला गेला होता आणि मग वर्षभर तो कापला गेला होता. सात वर्षांचं कापायचं म्हटलं तर किती जन्म लागतील? विशाखाची शाळा सुटेल. मग शाळेतल्या बाई म्हणतील, कशामुळं सुटली? मग कुणीतरी सांगेल. पोर मान खाली घालून घरी येईल, आणि ती आईला काही बोलणार नाही, कारण ती जानूसारखी आहे, न बोलता सगळं सहन करणारी. दसऱ्याला धम्मचक्र दिनाला विहारात सगळी बुद्धवाडी जमली. मंजुळा पांढरं लुगडं नेसून गेली, आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून पंचशील म्हणताना तिसऱ्या ओळीला, व्यभिचारापासून दूर राहण्याच्या शीलाला, तिचा आवाज आपोआप बंद झाला. शेजारच्या काशीबाईनं मान वळवून बघितलं. त्या बघण्यात काळजीसुद्धा असू शकेल, हे मंजुळाच्या मनात आलंच नाही. ऑक्टोबरच्या पेन्शनलाही नोटा निम्म्याच आल्या. या वेळी तिनं कमी आहेत असंही म्हटलं नाही; खाली मान घालून घेतल्या आणि गर्दीतून सुटली.

एका दुपारी ती ट्रंकेतून पेन्शनचं पुस्तक काढून बसली होती. पुठ्ठ्याचं, तपकिरी, सगळं इंग्रजीत टाइप केलेलं. दर महिन्याला खिडकीत द्यायचं आणि शिक्का मारून परत घ्यायचं, यापलीकडं त्याचा तिला उपयोग ठाऊक नव्हता. त्यात कुठं लाल शाईनं काही लिहिलंय का ते ती बघत होती. आपल्या नावापुढं काही खूण, फुली, काहीतरी. पान उजेडाकडं धरून ती उलटसुलट करत होती तेवढ्यात विशाखा शाळेतून आली. दप्तर न ठेवताच ती आईकडं बघत उभी राहिली.

"काय शोधतेस?"

"काय नाय."

"आण इकडं," विशाखा म्हणाली आणि तिनं पुस्तक आईच्या हातातून काढून घेतलं, जरा ओढूनच. दहावीच्या पोरीचं इंग्रजी. तिनं एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचायला सुरुवात केली. नाव. हुद्दा. मृत्यूची तारीख. मग पेन्शनची रक्कम, जी मंजुळाला सात वर्षं मिळत होती. त्याच्यापुढं 'अप टू', एकतीस सात एक्क्याऐंशी. मग 'देअरआफ्टर', आणि त्याच्यापुढं दुसरी रक्कम, निम्मी. विशाखानं पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आई, हे पहिल्या दिवसापासून लिहिलंय. सात वर्षं एवढी आणि मग निम्मी. बाबा गेले त्या तारखेपासून सात वर्षं."

मंजुळाला आधी काहीच कळलं नाही. तिनं दोनदा विचारलं, तारीख पुन्हा वाच म्हणाली. एकतीस जुलै. महिन्याचा शेवटचा दिवस. म्हणजे हे चौऱ्याहत्तर सालातच टाइप झालं होतं, तिची सही अजून पाटीवर गिरवली जात होती तेव्हा. कुशाबा तेव्हा कुठं होता? आपली बायको पुरून तो तेव्हा कुठल्यातरी गाडीची बॅटरी भरत बसला असेल. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी तोललं नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं. जीव भांड्यात पडायला हवा होता, आणि पडलाही. पण भांडं रिकामं होतं आणि पडल्याचा आवाज फार मोठा झाला. गेला महिनाभर ती ज्या डोळ्यापुढं उभी होती, तो डोळा नव्हताच. तिच्या रविवारांचं, तिच्या त्या एका दुपारचं मोल करायला सरकारला कधी वेळच झाला नव्हता.

"मग कुशाबाकाकांना का घालवलंस?" विशाखानं विचारलं. तिनं हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की मंजुळाला खोटं बोलायला फट सापडली नाही. ती म्हणाली, पुन्हा लगीन केलं तर पेन्शन बंद, तुजं शिक्शान कशावर चालंल? विशाखा लाजली नाही, दचकलीही नाही. तिनं पुन्हा पुस्तकात बोट घातलं. 'रीमॅरेज' हा शब्द तिला सापडला, डेथ ऑर रीमॅरेज. मग खाली दुसऱ्या रकान्यात ती अडखळली. "आई, इथं माझं नाव आहे. विशाखा, डॉटर, जन्मतारीख. माझं नाव कशाला लिहिलंय यांनी?"

ते मंजुळालाही माहीत नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी बालवाडीतून सुटल्यावर कचेरीत गेली. पेन्शनचा दिवस नव्हता, खिडकीशी कुणी नव्हतं. आत तो नेहमीचा कारकून नव्हता. पेठे म्हणून एक म्हातारे हिशेबनीस होते, निवृत्तीला आलेले, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांनी तिला आत बोलावून बाकावर बसवलं, पुस्तक बघितलं आणि सांगितलं की हो, सात वर्षं वाढीव दर असतो, मग साधा दर लागतो, तो हयातभर. कुणी तुम्हाला सांगितलं नाही का? मंजुळानं मान हलवली. उठायला हवं होतं, पण ती उठली नाही. पंखा फिरत होता, कागदांचे कोपरे उडत होते, त्यांवर दगड ठेवले होते. तिनं आपलेच हात घट्ट धरले. नोकरीला लागल्यावर जानू पहिल्यांदा दरीच्या कडेला उभा राहिला तेव्हा त्याला काय वाटलं होतं ते त्यानं तिला सांगितलं होतं: खाली बघायचं नाही, आणि तरी तळवे आधी घामेजतात.

"आनि बाईनं पुन्ना लगीन केलं तर?" तिनं विचारलं.

पेठ्यांनी वर बघितलं नाही. एस.टी.चं वेळापत्रक सांगावं तसं ते म्हणाले, "तर तुमची बंद. मुलगी आहे ना अज्ञान, वयानं लहान? मग तिच्या नावानं सुरू होईल. अर्ज करावा लागतो. नियमात वय दिलंय तोवर, किंवा तिचं लग्न होईपर्यंत. म्हणून तर नाव घेतलेलं असतं मुलांचं."

"म्हंजे पोरीचं बुडत नाय."

"छे. मुलीचं कसं बुडेल? तिचे वडील काही बदलत नाहीत."

एवढं बोलून ते दुसऱ्या कागदाकडं वळले. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नसावं. मंजुळा कचेरीच्या पायऱ्या उतरली आणि तळ्याच्या बाजूला जाऊन कठड्याशी उभी राहिली. दोन वर्षं. दोन वर्षं तिनं जी भिंत उभी आहे म्हणून सांगितलं होतं ती भिंत नव्हती. नुसतं विचारायचं होतं, एका दुपारी, पाच मिनिटं. का नाही विचारलं? खिडकीला भ्यालो, इंग्रजीला भ्यालो, हे सगळं खरं. पण त्याच्याही खाली काहीतरी होतं, आणि आज ते पाणी उतरल्यावरच्या गाळासारखं उघडं पडलं होतं. विचारलं असतं आणि 'चालेल' असं उत्तर आलं असतं, तर? मग तिला स्वतःला ठरवावं लागलं असतं. बुद्धवाडीला तोंड द्यावं लागलं असतं, पोरीच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं, आणि जानूला, जो कधी रागावला नाही त्याला, मनातल्या मनात काहीतरी सांगावं लागलं असतं. सरकार नको म्हणतंय तोवर तिला नको म्हणावं लागत नव्हतं आणि हो म्हणावं लागत नव्हतं. नियम तिनं वाचला नव्हता, पण त्याच्या आडोशाला ती आरामात बसली होती.

शनिवारी सकाळी तिनं विशाखाला सांगितलं, पोलादपूरला जाऊन येते. विशाखानं कुठं म्हणून विचारलं नाही. डब्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी बदलून ती आंबेनळीच्या रस्त्याला लागली. घाट सुरू होण्याआधी, डोंगराच्या पायाशी, कुशाबानं कधीतरी बोलता बोलता सांगितलेल्या रस्त्याखालच्या मोरीजवळ ती उतरली आणि विचारत विचारत खाचरांच्या बांधावरून गेली. भात पिवळं होऊन आडवं झुकलं होतं. वस्तीतल्या एका म्हातारीनं हात करून दाखवलं तिकडं तो एकटाच कापत होता, डोक्याला टॉवेल, पाठ उन्हात. तिला बघून तो उभा राहिला, पण पुढं आला नाही.

बांधावर बसून तिनं सगळं सांगितलं. सात वर्षांचं, साध्या दराचं, पोरीच्या नावाचं, पेठे काय म्हणाले त्याचं. ती भरभर बोलत होती, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखी. तो कोयता दुसऱ्या हातात घेऊन ऐकत राहिला. वर घाटात एक ट्रक गियर बदलत चढत होता, त्याचा आवाज वळणावळणाला कमी-जास्त होत गेला.

"म्हंजे दोन वर्सं सरकार नाय म्हनत नव्हता," कुशाबा शेवटी म्हणाला. "तू म्हनत व्हतीस."

त्यात टोमणा नव्हता. त्याला ते तसं दिसलं होतं आणि त्यानं ते म्हटलं होतं. मंजुळाचे कान तापले. येताना गाडीत तिनं याची दहा उत्तरं जुळवली होती. मला शिक्षण नाही. मला इंग्रजी येत नाही. तुम्ही तरी विचारायचं होतं. ती सगळी आता तिच्या जिभेवर आली आणि तिनं ती गिळली.

"व्हय," ती म्हणाली. "ठावं नव्हतं ते खरं. पन इचारलं नाय, ते मीच. भ्याले व्हते."

"कोनाला?"

"समद्यांना. तुमाला पन."

तो खाली बसला, बांधाच्या कडेला, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाला की त्यालाही राग आला होता, पण तिच्यावर नाही. 'बरं' म्हणून गप्प बसलो त्याचा. विचारायला तोही जाऊ शकला असता. डेपोत युनियनचे लोक होते, कुणीही सांगितलं असतं. पण तिनं नको म्हटलंय तर सरकारचं निमित्त पुरे, असं त्यालाही वाटलं होतं. दुसरं कारण ऐकायची त्याची तयारी नव्हती. हे सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता, समोरच्या न कापलेल्या भाताकडं बघत होता. मंजुळाला वाटलं, आता हा नाही म्हणेल; पण ही भीती वेगळी होती, कुठल्या खिडकीची नव्हती, तिची स्वतःची होती.

"पोरीला ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"तिनंच वाचून दाखवलं. तुमाला का घालवलं म्हनून इचारीत व्हती."

"मंग तिच्याशी मी बोलीन. तू नको. माझ्या तोंडून ऐकू दे." तो उठला. "रजा सोमवारी संपते. येतो."

एवढंच. तिनं भाकऱ्यांचा डबा उघडला. दोघं बांधावर बसून जेवली, आणि मग तीन वाजेपर्यंत तिनं त्याच्या मागं पेंढ्या बांधल्या, कारण नुसतं बसून राहणं तिला जमत नव्हतं. वस्तीतल्या बायका लांबून बघत होत्या. त्या नजरा तिच्या पाठीवर उन्हासारख्या लागत होत्या आणि ती काम करत राहिली. मन शांत झालं होतं असं नाही. अर्ज कसा लिहायचा, काशीबाईला आधी सांगायचं की नंतर, रामा मुंबईहून येऊन काय तमाशा करेल, विशाखा खरंच बोलते तशी आहे की आत काही दडवते आहे. एकेक पेंढी बांधताना एकेक काळजी हाताशी येत होती आणि संपत नव्हती.

तो तिला मोरीपर्यंत पोचवायला आला, पण गाडी दिसल्यावर ती म्हणाली, तुम्ही जा, कापायचं राहिलंय. महाबळेश्वरहून आलेली महाडची गाडी घाट उतरून धुळीत थांबली. आत चार-सहाच माणसं होती. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून तिच्याजवळ आला, महाड डेपोचाच, तिनं त्याला चेहऱ्यानं ओळखलं. त्यानं पैसे घेतले, तिकीट फाडलं, चिमटा वाजवला. या आडरानात एकटी बाई कुठून चढली याचं त्याला साहजिक नवल वाटलं असावं.

"हितं कोनाकडं आलता, बाई?" त्यानं विचारलं.

तिच्याकडं उत्तर तयार होतं. दोन वर्षं ती अशी उत्तरं पदराच्या गाठीला बांधून हिंडत होती; आत्याकडं, औषधाला, बाळंतिणीला बघायला. त्यातलं एक तोंडात आलंही. गाडीनं मोरी ओलांडली. मागच्या बाकावरची एक म्हातारी ऐकत होती.

"कुशाबाकडं," मंजुळा म्हणाली. "तुमच्या डेपोतल्या."

"आपला कुशाबा? भात झालं का त्याचं? त्याच्यापायी हितं आमच्या गाड्या ढकलून चालू कराव्या लागतायत."

"थोडं राहिलंय," ती म्हणाली. "सोमवारी येतायत."

"बरं झालं," म्हणत कंडक्टर पुढच्या बाकाकडं गेला, आणि मंजुळा तिकीट मुठीत धरून खिडकीशी बसली. मागच्या बाकावरची म्हातारी अजून तिच्याकडंच बघत होती. मंजुळानं मान खाली घातली नाही.